काय म्हणतोय तुझा कागद?

थेंब पडला आणि कागद पुन्हा निळा व्हायला लागला.

सुनेने खिडकी सताड उघडली, हातमोजे काढले आणि त्या डागाकडे बघत राहिली. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीची वर्तुळं होती. प्रत्येक वर्तुळात एकेका अळंबीचा रस दाबून वाळवलेला आणि त्यावर तीव्र आम्लाचा एकेक थेंब. बाकीची वर्तुळं होती तशीच होती. निळं एकच. या हंगामात प्रत्येक टोपलीत अशी एक निघालीच होती.

"काय म्हणतोय तुझा कागद?" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"सगळं छान आहे, आई."

सून पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. सासूबाई रानात जाऊन अळंबी आणायच्या आणि सून ती तपासायची, ही दोघींची जुनी वाटणी. कागदाला एकच विष कळतं. यकृत खाऊन टाकणारं, सगळ्यांत वाईट. बाकीच्या विषांपुढे कागद ठार आंधळा. तिथे सासूबाईंची नजर लागायची, आणि ती नजर आजवर कधी चुकली नव्हती. ऑफिसातल्या मैत्रिणी हसायच्या, "कुत्र्याच्या छत्र्या खाता की काय?" सून म्हणायची, "आमच्या आईंनी निवडल्यात, डोळे मिटून खा."

आता तिलाच डोळे मिटवत नव्हते.

तिने घाईत कागद चुरगळून टोपलीत कोंबला आणि अख्खी टोपली मागच्या दाराने नेऊन पुरली. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून आणून लपवलेलं मशरूमचं पाकीट काढलं. बारीक चिरून कांद्यावर परतलं की कोण ओळखतंय! कढई चढल्यापासून उतरेपर्यंत सासूबाई नेहमीसारख्या ओट्याशेजारी ठाण मांडून बसल्या होत्या.

"तुझ्या बोटाला निळं काय लागलंय?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"पेनाची शाई."

जेवताना सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि मान डोलावली. "वा! रानातली चव ती रानातलीच."

नवऱ्याने ताटात मान घातली. त्याला सगळं माहीत होतं.

भांडी विसळताना तो हळूच म्हणाला, "सांगून टाक ना तिला."

"तू सांग. तुझी आई आहे."

"मी सांगितलं तर म्हणेल, तुला काय कळतंय त्यातलं. तुझं ऐकेल ती."

"ऐकतील, म्हणून तर सांगवत नाही."

सांगणार कुठल्या तोंडाने? लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा शिक्षण अर्धवट राहिलं होतं. चार नातेवाईक नाकं मुरडत असताना सासूबाईंनी तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं होतं. "भांडी कुठे पळून जात नाहीत, परीक्षा जाईल," म्हणाल्या होत्या. पुढे लेक झाली, तर तिचं दुखलंखुपलं आजीनेच काढलं आणि सुनेला नोकरीवर पाठवलं. सख्ख्या आईने केलं नसतं एवढं त्या बाईने केलं. आणि अशा माणसाला म्हणायचं, टोपली ठेवा खाली, तुम्हाला आता दिसत नाही? रान सुटलं तर त्या वर्षभरात खंगतील, ही भीती तिला होती.

तेवढ्यात बाहेरून लेकीचा, चिंगीचा आवाज आला. "आजी, पुढच्या वेळी मी पण येणार. मला पण ओळखायला शिकव!"

"शिकवते की," आजी म्हणाली.

सुनेच्या हातातली ताटली तशीच राहिली. कागदाला न कळणारी विषं तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि त्या विषांपाशी वाकलेली तिची लेक. तिने हात पुसले, बाहेर गेली आणि लेकीला शेजारी खेळायला पाठवलं.

"आई, मी खोटं बोलले. आजच्या टोपलीत विषारी होती. आधीच्या टोपल्यांतही होती. सगळ्या पुरल्या मी. तुम्हाला नीट दिसत नाही आता. रानात जाणं थांबवा. चिंगीला तर मुळीच नेऊ नका." बोलता बोलता ती रडायला लागली. "माझ्यावर रागवा, पण आता थांबा."

सासूबाईंनी पदराने सुनेचे डोळे पुसले.

"बरं झालं बाई, सांगितलंस," त्या म्हणाल्या. "उपकार झाले तुझे. चल, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवून येऊ."

दवाखान्यात सासूबाईंनी भिंतीवरची अक्षरं वरपासून खालपर्यंत धडाधड वाचली. डॉक्टरांनी पापण्या उलटल्या, दिवा मारला, रंगांचे ठिपके दाखवले आणि शेवटी खुर्ची मागे सरकवली.

"आजींना कशाला आणलंत? यांची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे."

म्हणजे सासूबाई रानातून दर खेपेला ती एक विषारी अळंबी आणत होत्या, स्पष्ट दिसत असताना. दवाखान्याच्या पायऱ्यांवर सुनेने त्यांना थांबवलं.

"आई, मग ती..."

"मीच टाकत होते, शोधून शोधून. ती कढईत पडलीच तर कढई उतरवायला सांगायच्या तयारीतच बसायचे ओट्याशी, पण ती वेळ तू कधी येऊ दिली नाहीस. दुकानातली ती आळणी मशरूम खाऊन जीभ मेली माझी," सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "उद्या माझे डोळे खरंच गेले, तर मला तोंडावर सांगणारं माणूस घरात आहे का, तेवढंच बघायचं होतं."