त्याच्या मापाची सीट

अंगणातल्या जपानी गाडीच्या बॉनेटमधून वाफ निघताच हाजराचाची घाबरून गाडीतून खाली उतरली आणि तिने साळवी स्टॉपवरच्या गॅरेजवाल्या सुहासला बोलावलं. उभ्या गाडीत शिरलेल्या उंदरांनी पंख्याची वायर कुरतडली होती, रेडिएटर उकळून कोरडा पडला होता. “चाची, किती वेळ चालू ठेवता?” “दर शुक्रवारी तासभर. बॅटरी उतरेल म्हणून मुलगा कतारहून बजावतो.” “अहो, दहा मिनिटं पुरतात!” सुहासने वायर जोडली, रेडिएटर धुऊन नवं कूलंट भरलं आणि तो रेस द्यायला आत बसला. पाय पोचेना, म्हणून सीट पुढे ओढू लागला. “नको रे बाबा! ती त्याच्या मापाची आहे.” शेजारच्या सीटवर चाचीची तसबीहची माळ आणि चष्मा होता. सुहासने टोकावर सरकून पाय ताणला. पंखा फिरला. “आता तासभर ठेवा, चाची. तापणार नाही.”