पायरी शून्य

मंगळवार, चौदा मार्च. सकाळचे दहा वाजून पाच मिनिटे. प्रवेशासाठी थांबलेले अर्ज सात. त्यांपैकी सहा द्वारपालाने निकालात काढले होते: चार आत, दोन बाहेर. सातव्यावर मात्र त्याचा हात अडला.

घरगुती विजेची उपकरणे दुरुस्त करणाऱ्यांचे ते ऑनलाइन मंडळ. अडलेल्याने प्रश्न विचारावा, जाणत्याने उत्तर द्यावे. नव्या माणसाला आत घ्यायचे की नाही, हे तो ठरवी. म्हणून सारे त्याला द्वारपाल म्हणत. नोकरीत असताना तो कारखान्यातली मोजमापाची यंत्रे तपासत असे. निवृत्तीनंतर माणसे तपासू लागला होता.

सातव्या अर्जातला प्रश्न दीड ओळीचा होता. "टेबल पंखा गुणगुणतो, पण पाती फिरत नाहीत. पायरी शून्य झाली आहे. पुढे काय करू?"

पायरी शून्य! द्वारपाल खुर्चीत सरळ बसला.

सारे जग पायऱ्या एकपासून मोजते. हे मंडळ शून्यापासून मोजत असे. शून्य म्हणजे वीज तोडणे. ती दुरुस्तीच्याही आधी झाली पाहिजे, म्हणून तिला एक हा आकडा द्यायचा नाही, असा मंडळाच्या संस्थापकांचा, म्हणजे सर्वांच्या मास्तरांचा, दंडक होता. तो ज्या पानावर लिहिलेला होता ते पान फक्त सदस्यांनाच दिसे. मग दाराबाहेरच्या माणसाला हा शब्द ठाऊक कसा?

त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दोनच महिन्यांपूर्वी, मंडळातून हाकललेला एक उपटसुंभ नाव बदलून परत आला होता. त्याने एका बाईंना वीज चालू ठेवून इस्त्री उघडायला सांगितले. बाई वाचल्या, पण दोन बोटे भाजली. त्या माणसाचा अर्ज मंजूर केला होता द्वारपालानेच. आता पुन्हा चूक झाली, तर किल्ली खाली ठेवायची, असे त्याने मनाशी ठरवले होते.

त्याने वही ओढली आणि मुद्दे मांडले. एक: आतली भाषा येते. दोन: प्रश्न मात्र बिगरीतला. तीन: एवढा अर्ज भरायला लागलेला वेळ, एक तास दहा मिनिटे. तिसऱ्या मुद्द्याखाली त्याने दोन रेघा ओढल्या. बनाव रचायला वेळ लागतोच.

टेबलाच्या पलीकडे सून आपल्या ऑफिसचे काम करत होती. तिने मान वर केली.

"बाबा, अजून त्या पंखेवाल्यालाच धरून बसलात?"

"हा माणूस दिसतो तितका साधा नाही."

"पंखा फिरत नाही म्हणतोय बिचारा. तिजोरीची किल्ली नाही मागितली त्यानं."

"सुरुवात पंख्यापासूनच होते."

"मग पहिले संशयित तुम्ही! अकरा वर्षांपूर्वी याच मंडळात तुम्ही काय विचारलं होतंत? सांगू?"

द्वारपालाने नजर पडद्यावर वळवली. पंखाच विचारला होता. जन्मभर यंत्रांत काढलेल्या माणसाला घरचा पंखा जमेना, म्हणून नाव लपवून विचारला होता. त्यावर मास्तरांनी त्याला खासगीत दोन ओळी पाठवल्या होत्या. पायरी शून्य: वीज तोडा. पायरी एक: लाजू नका. ही दुसरी ओळ नियमांच्या पानावर कुठेच नव्हती.

"मास्तर असते तर एव्हाना त्याला आत बसवून पाणी विचारलं असतं," सून म्हणाली.

"त्यांचं नाव काढू नकोस. एका शब्दानं न सांगता निघून गेले."

चार वर्षे झाली होती. पत्रांना उत्तर नाही, सदस्य क्रमांक एकचे खाते बंद पडलेले. रागावले असावेत, असे मंडळ धरून चालले होते. द्वारपालाने ते सर्वांत जास्त मनाला लावून घेतले होते.

त्याने अर्जदाराला लिहिले, "पायरी शून्य आपणास कोणी शिकवली? खरे सांगावे. प्रवेश उत्तरावर ठरेल." मग बंदीच्या बटणाजवळ बाण नेऊन ठेवला आणि घड्याळाकडे पाहत बसला.

उत्तर पन्नास मिनिटांनी आले.

"साहेब, उशिराबद्दल क्षमा. एकेक अक्षर शोधून लिहावे लागते. चार वर्षांपूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला, त्यात मागचे बरेच पुसले गेले. परवा कपाटात दुरुस्तीची एक वही सापडली. तिच्यात तुमच्या मंडळाचा पत्ता आहे. पहिल्या पानावर मथळा आहे, 'नव्याने येणाऱ्यांना काय लिहावे'. खाली लिहिले आहे, पायरी शून्य, वीज तोडा. पायरी एक, लाजू नका. मुलगी म्हणते, अक्षर माझेच आहे. मला आठवत नाही. पण ते वाचून धीर आला, म्हणून विचारले. असे प्रश्न तुमच्याकडे चालत नसतील तर तसे सांगा, राग मानणार नाही."

द्वारपालाने बाण बटणापासून दूर नेला. वहीतले तिन्ही मुद्दे पुन्हा वाचले. तिन्ही खरे होते.

"काय हो बाबा, निघाला का चोर?"

त्याने चष्मा काढून पुसला. पुन्हा पुसला.

"नाही गं. घरमालक निघाला."

मग त्याने सावकाश टाइप केले, "पायरी शून्य आपण केलीच आहे. पायरी एक: लाजू नका. पायरी दोन: पाती हाताने फिरवून पाहा, जड लागतात का ते कळवा. घाई नाही. मी इथेच बसलो आहे."

राहिला होता अर्ज. यंत्रणेने नव्या सदस्याला क्रमांक सुचवला होता, २३१८. द्वारपालाने तो खोडला.

अकरा वाजून दहा मिनिटे. प्रवेश मंजूर. सदस्य क्रमांक १.