आईचा आवाज कुठे ठेवायचा

"आतली की बाहेरची?" दुकानदाराने तिसऱ्यांदा विचारलं.

"आतली," ताई म्हणाली.

"बाहेरची," धांदल म्हणाली.

दुकानदाराने हार्ड डिस्कचे दोन्ही डबे काउंटरवर ठेवले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. दोन बहिणींच्या मध्ये पडायचं नसतं, एवढं शहाणपण त्याला धंद्याने दिलं होतं.

धांदल हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण अठ्ठेचाळीस वर्षांत घरात तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर मुंगीएवढे स्क्रू बसवायची, एक हातून सुटत नसे. घरी मात्र दर आठवड्याला एक कप शहीद व्हायचा.

प्रश्न आईच्या आवाजाचा होता. शेवटची दोन वर्षं आई ताईकडे होती. दुपारचा चहा झाला की ताई लॅपटॉपवर रेकॉर्डिंग लावायची आणि आई बोलायची. माहेरचं, शाळेतल्या नोकरीचं, नवऱ्याचं आणि झाडून सगळ्या नातेवाइकांचं. आई गेली, आणि आता तो लॅपटॉपही आचके द्यायला लागला होता.

"सरळ दोन प्रती काढू या ना," धांदलने सुचवून पाहिलं होतं.

"हो, आणि एक तुझ्या लेकीच्या फोनवर, तिथून गावभर! मामीबद्दल आई काय काय बोललीय, ऐकलंस तर कानांवर हात ठेवशील. नको बाई. प्रत एकच."

ते धांदललाही पटलं होतं. मामीकडे अजून जेवायला जायचं होतं.

प्रत एकच, म्हणून तर हा वाद. ताईच्या टेबलाखालच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये आतली डिस्क बसवली, की आवाज कायमचा ताईकडे. बाहेरची घेतली, तर सहा महिने हिच्याकडे, सहा महिने तिच्याकडे.

"आतली पडत नाही, हरवत नाही," ताई म्हणाली. "तुझ्या हातांचं काय सांगावं?"

"मग मी रविवारी रविवारी येऊन तुझ्या कॉम्प्युटरपुढे बसू? तू शेजारी भाजी निवडत बसणार. मला आईजवळ एकटीने बसायचंय, ताई."

एकटीने का, ते दोघींनाही ठाऊक होतं. स्वतःच्या लग्नावरून धांदलने तीन वर्षं आईशी बोलणं टाकलं होतं. पुढे सगळं सुरळीत झालं, पण त्या तीन वर्षांबद्दल आईने तिला कधी अवाक्षराने विचारलं नाही. आणि एका दुपारी मात्र आई तासभर नुसती त्याबद्दलच बोलली होती. काय बोलली, असं विचारलं की ताई म्हणायची, "तूच ऐक, तिच्या तोंडून."

"बरं," ताई शेवटी म्हणाली. "बाहेरची घे. पहिली पाळी तुझी."

धांदल बघतच राहिली. लहानपणी खिडकीजवळच्या जागेसाठी ताई तासतासभर भांडायची.

दहा दिवसांनी ताई स्वतः डिस्क घेऊन आली. लोकरीच्या मोज्यात गुंडाळून आणली होती.

"सगळं यात घातलंय. माझ्याकडचं पुसलं, लॅपटॉप भंगारात दिला. पासवर्ड आहे, तेव्हा इतक्यात लावू नकोस. रविवारी येऊन मीच लावून देते. आणि आधीच सांगून ठेवते, या बाहेरच्यांचा भरवसा नसतो. एखाद्या दिवशी उघडतच नाहीत."

"नाट लावू नकोस ग!" धांदल हसली.

शनिवारी तिने ताई येणार म्हणून टेबल पुसायला घेतलं. फडक्यात वायर अडकली. मोज्यातून अर्धवट बाहेर काढून ठेवलेली डिस्क फरशीवर पडली. धांदलने धावत जाऊन ती कॉम्प्युटरला लावली. आतून आवाज आला, टक, टक, टक. बाकी काही नाही.

"ताई," तिने फोनवर कसंबसं म्हटलं, "पडली."

ती शिव्या खायच्या तयारीत होती. शिव्या मिळाल्या असत्या तर बरंच वाटलं असतं.

"रडू नकोस," ताई म्हणाली. "वस्तूच ती. जाऊ दे."

"त्या तासात काय होतं, तेवढं तरी सांग."

"शब्द नाही ग आठवत आता. चांगलंच बोलली होती."

"दुरुस्तीला नेऊ?"

"मुळीच नको! परकं माणूस आईचं बोलणं ऐकत बसेल. टाकून दे आणि विषय संपव."

त्यानंतर ताई रोज संध्याकाळी फोन करायला लागली. जेवलीस का, झोप लागते का. एकदाही टोमणा मारला नाही. एवढंच काय, तिला धांदल म्हणायचंही सोडलं. चुकून तोंडात आलं तरी गिळून टाकायची. त्या मायेनेच धांदलचा जीव अर्धा झाला. आपला एक तास गेला, पण ताईच्या दोन वर्षांच्या दुपारी गेल्या, आणि तरी ती असं वागते! पोटभर रडल्यावर तिने डिस्क उचलली आणि ताईला न सांगता बिघडलेल्या डिस्कमधलं परत मिळवून देणाऱ्या बाईंकडे गेली.

"माझं नाही मिळालं तरी चालेल," ती बाईंना म्हणाली. "माझ्या बहिणीचं तेवढं परत मिळवून द्या."

तीन आठवड्यांनी बाईंनी बोलावलं. काचेच्या खोलीतून त्या डोक्यावरची टोपी काढत बाहेर आल्या.

"बसा. पडल्यामुळे जे बिघडलं होतं, ते सगळं बदललं. आता डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचता येते."

धांदलने टेबलाची कड घट्ट धरली. "थांबा, आधी ताईला फोन लावते. तिलाच ऐकू दे पहिल्यांदा."

फोनची रिंग वाजत होती. बाईंनी हळूच हात पुढे करून तो बंद केला.

"पुसलेल्याच्याही खुणा राहतात हो. मी त्याही शोधल्या. कारखान्यातून निघाल्यापासून या डिस्कवर कुणी कधी काही ठेवलेलंच नाही."