पहिली उडी

“दोरीच्या अलीकडे उभे राहा, पलंगाला हात लावू नका,” सून म्हणाली. “याच पलंगावरून उठून कप्तान शेवटच्या सफरीला गेले. जहाज फुटलं, बायका-पोरं होडीतून सुखरूप गेली. कप्तान मात्र शेवटपर्यंत जहाजावरच राहिले.”

पर्यटकांनी माना डोलावल्या. एकीने कपाटातल्या चष्म्याचा फोटो काढला. चष्मा सासऱ्यांचा होता, शेजारची छत्री बाजारातून आणलेली होती आणि पलंगाचे दोन पाय मागच्याच वर्षी सुताराने बसवले होते. वीस वर्षं सून हे सगळं घडाघडा सांगत आली होती, आणि त्यातल्या कशावरही तिचा काडीचा विश्वास नव्हता.

सासूबाईंचा होता. त्या कप्तानाची सख्खी नात. ऐंशी उलटली तरी रोज सकाळी केस विंचरून दारातल्या तिकीट खिडकीत बसत. गावात किल्ला होता, दीपगृह होतं, जुनी गोदी होती. पण माणसांनी आधी आजोबांचं घर बघावं आणि मग कुठे जायचं तिकडे जावं, असं त्यांचं म्हणणं.

आता त्या घरावरच गदा आली होती. कुणा संशोधकाने नगरपालिकेला लिहिलं होतं की कप्तानाची गोष्ट नुसती ऐकीव आहे. तो बुडाला नाही, पळाला, आणि दुसऱ्या कुठल्या बंदरात त्याने दुसरा संसार थाटला. उद्या समिती येणार होती. लेखी पुरावा नसेल तर प्रेक्षणीय स्थळांच्या यादीतून घर वगळणार होते. सासूबाईंनी तीन दिवस ट्रंका उपसल्या. हाती लागली ती वाळवी.

दुपारी बाकीचे पर्यटक गेले तरी एक म्हातारा पाहुणा पलंगापाशी घुटमळत राहिला.

“तुम्ही घरच्याच ना?” त्याने विचारलं.

“सून. का हो?”

“माझे आजोबा त्या जहाजावर आचारी होते. जीव वाचल्यावर त्यांनी आजीला पत्र लिहिलं होतं.” त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद जपून काढला. “तुमच्या समितीचं पेपरात वाचलं. म्हटलं, आता गप्प बसणं बरं नाही. लोकांना खरं काय ते कळायला हवं.”

सुनेने कागद हातात घेतला. “काय आहे यात?”

“तुम्हीच वाचा सावकाश. माझ्यापेक्षा आजोबांच्याच शब्दांत कळू दे. मी दीपगृह बघून येतो तोवर.”

“याची झेरॉक्स असेल ना?”

“दुकानदाराने हात लावला नाही. म्हणाला, तुकडे पडतील.”

तो गेला. सुनेने स्वयंपाकघरात ओट्यावर कागद पसरला. अक्षर बारीक होतं आणि शाई आरपार फुटली होती. एकेक शब्द लावत ती वाचू लागली. ‘जहाज कलंडलं तशी होडी पाण्यात सोडली. तिच्यात पहिली उडी कप्तानाने मारली. बायका-पोरं वर रडत राहिली, आम्ही कठड्याला धरून बघत राहिलो.’

वाटलंच होतं, ती मनात म्हणाली. तिला नवल वाटलं नाही, लाज वाटली. इतकी वर्षं आपण कुणाचे गोडवे गात होतो याची लाज. आणि मग सासूबाई डोळ्यांसमोर आल्या. हे उद्या समितीपुढे वाचलं गेलं तर ती म्हातारी हाय खाऊन मरेल.

“कोण गं थांबलं होतं मघाशी?” खिडकीतून सासूबाईंनी हाक मारली.

“कुणी नाही, आई. एक पाहुणा वाट चुकला होता.”

तिने गॅस पेटवला. कागद कसला, पाचोळाच तो. बघता बघता संपला. तिने राख मोरीत सोडली, शेगडी पुसली, हात धुतले आणि पुन्हा धुतले.

चार वाजता पाहुणा परतला तो सासूबाईंचा हात धरूनच. खिडकीपाशी दोघांच्या गप्पा झाल्या होत्या.

“अगं, वाट चुकलेले कसले,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा फुलला होता. “हे आजोबांच्या आचाऱ्याचे नातू. पत्र आणलंय म्हणतात. दे बघू.”

सुनेने वाक्य तयार ठेवलं होतं. “गच्चीत वाचत होते. वारा आला. समुद्रात गेलं.”

पाहुणा मटकन कप्तानाच्या पलंगावर बसला. दोघींपैकी कुणी त्याला हटकलं नाही.

“आधी आजीने जपलं, मग आईने,” तो म्हणाला. मग सुनेकडे बघून म्हणाला, “जाऊ द्या. तुम्ही तरी काय करणार, वारा तो.”

त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी म्हातारी वाचली, असं ती स्वतःला बजावत राहिली.

“काय होतं हो त्यात?” सासूबाईंनी विचारलं.

“राहू दे ना, आई.”

“मला पाठ आहे,” पाहुणा म्हणाला. त्याने डोळे मिटले आणि लहान मुलासारखा सुरुवातीपासून म्हणू लागला. जहाज कलंडलं. होडी सोडली. पहिली उडी कप्तानाने मारली.

सासूबाईंनी भिंतीचा आधार घेतला. सुनेने मान खाली घातली.

“ही झाली कागदाची एक बाजू,” पाहुणा म्हणाला. “मागच्या बाजूला लिहिलं होतं, ‘होडी लाटांनी आपटत होती, ती धरायला खाली उतरायची कुणाची छाती होईना. कप्तानाने खाली उभं राहून जहाजाचा दोर आवळून धरला आणि एकोणीस बायका-पोरं एकेक करून उतरवून घेतली. शेवटी एकाच माणसाची जागा उरली. तेव्हा तो दोराला धरून पुन्हा वर चढला आणि त्याने मला खाली होडीत ढकललं.’”