सीच्या आधी

उद्या सकाळी शेपटीवर इंग्रजी क्यू दिसला पाहिजे, असं सांगून मुकादम निघून गेला. रंगारी हातात पत्र्याचा साचा धरून विमानाखाली तसाच उभा राहिला.

हे विमान त्याच्या बाबांचं. म्हणजे लष्कराचंच, पण कारखान्यातून नवं कोरं आणलं ते बाबांनी आणि निवृत्त होईपर्यंत उडवलंही त्यांनीच. त्यांच्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं म्हणून नाही. शेपटीवर मोठा पिवळा सी होता. सी म्हणजे मालवाहू.

विमानांची ही अक्षरं बाबांनीच त्याला लहानपणी मांडीवर घेऊन पाठ करून घेतली होती. ए म्हणजे हल्ला करणारं, सी म्हणजे माल नेणारं, एफ म्हणजे लढाऊ, टी म्हणजे शिकाऊ पोरांचं. मधला बी कुठे गेला असं एकदा त्याने विचारलं, तर नसती उठाठेव करू नकोस म्हणाले. बी म्हणजे बॉम्ब टाकणारं, हे त्याला पुढे या शेडमध्ये नोकरीला लागल्यावर समजलं.

बाबांच्या गोष्टी सगळ्या पोत्यांच्या. विमानाचं पोट उघडायचं, धान्याची पोती खाली सोडायची, खाली माणसांची नुसती पळापळ. पळतात कशाला, असं पोराने विचारलं की बाबा म्हणायचे, भुकेलेली माणसं पळणारच. आणि ताटावरून उठायचे. इतरांचे बाप माणसं मारतात, माझा बाप जेवू घालतो, असं तो शाळेत छाती फुगवून सांगायचा. त्याच्याजवळ मिरवायला दुसरं होतं तरी काय!

आणि आता क्यू. क्यू म्हणजे बिनमाणसाचं. म्हाताऱ्या विमानाच्या अक्षराआधी क्यू लागला की त्याचे दिवस भरले. ते जमिनीवरून चालवतात, समुद्रावर नेतात आणि नवे वैमानिक त्याच्यावर नेम धरायला शिकतात. इतक्यांच्या तोंडी घास घालणाऱ्या विमानाचा बळी द्यायचा, तोही आपल्या हाताने आणि बापाच्या पाठीमागे. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

दुपारी तो बाबांना घेऊनच आला. काठी टेकत आले, स्टुलावर बसले. विमानाला हात मात्र लावला नाही.

"बाबा, माफ करा," तो म्हणाला. "याला पाडणार आहेत. क्यू मलाच काढायला सांगितलाय."

बाबांनी विचारलं, "कुठे पाडणार?"

"समुद्रावर."

"खाली कोणी नसेल ना?"

"नाही. होड्यासुद्धा लांब नेतात."

"मग बरं."

काय मन आहे या माणसाचं, असं वाटून रंगाऱ्याचे डोळे भरून आले. स्वतःचं विमान जातंय आणि काळजी कोणाची, तर खाली असणाऱ्यांची.

निघताना बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"एक कर. तो सी खरवडू नकोस. पुढे क्यू काढ आणि सोडून दे."

त्याने शब्द दिला. एवढा जीव आहे त्या सीवर, तर राहू दे.

पण संध्याकाळी साचा लावून पाहिला, तर क्यूला जागाच पुरेना. सी मागे सरकवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि सरकवायचा म्हणजे जुना रंग पार पत्र्यापर्यंत काढायचा, ही शेडची रीत. नाहीतर वाऱ्याने पोपडे निघतात. बाबांना घरी जाऊन काय तोंड दाखवू, असं पुटपुटत त्याने खरवडणी उचलली. दिलेला शब्द दिवस मावळायच्या आत मोडला होता, आणि तोही बापाला दिलेला.

पिवळा रंग सालासारखा सुटत गेला. खाली करडा थर लागला, तोही निघाला. मग त्याखालून काळी, सरळ उभी दांडी वर आली. सीला कुठली दांडी? त्याने आणखी खरवडलं. दांडीला चिकटून एक पोट निघालं, त्याच्याखाली दुसरं. त्याने फडक्याने पत्रा लख्ख पुसला आणि स्टुलावर बसून पाहत राहिला. सीच्या खाली बी होता.