शाळेतली रांग

केरळातल्या इडुक्कीच्या डोंगरात पंच्याऐंशी वर्षांच्या पुढच्या मतदारांचं मत घरी जाऊन घ्यायचं काम माझ्याकडे होतं. यंदा मतदानाची टक्केवारी वाढायला हवी, असं वरून बजावलं होतं. अलेयाम्मांचा घरून मत देण्याचा अर्ज त्यांच्या मुलानं, साबूनं भरला होता. पण आम्ही पोचलो तेव्हा त्या पेन हातात धरायला तयार नव्हत्या. सारख्या उठून दारापर्यंत जायच्या, परत येऊन बसायच्या.

"अम्मच्ची, तूच सही केलीस ना अर्जावर?" साबू वैतागून म्हणाला.

"मला वाटलं पेन्शनचा कागद आहे. मी शाळेत जाऊनच मत देणार."

"आता तिथे देता येणार नाही," मी म्हणाले. "यादीत तुमच्या नावापुढे तशी खूण झालीय."

"मग नबीसा मला कुठे भेटणार? ती राहते त्या पलीकडच्या डोंगरावर. दोन्हीकडची माणसं मत द्यायला त्याच शाळेत येतात. निवडणूक आली की रांगेत काय ती दिसते, तेवढीच."

साबू आईकडे वळला. नबीसा हे नाव त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

मी हातातली यादी पाहत राहिले. सांगावं की नाही, कळेना.


"अम्मच्ची, आम्ही नबीसांकडूनच आलो. त्यांनीही मत दिलं नाही. म्हणाल्या, अलेयाम्मा शाळेत माझी वाट बघत बसेल."