हुरुपाची पट्टी

आई जाऊन तीन दिवस झाले होते. शाल्मलीच्या घशाखाली चहासुद्धा उतरत नव्हता. पण काम अडू द्यायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. तिनं कुणाला कळवलंही नव्हतं. नऊ वाजता तिनं मनगटावर कंपनीची पट्टी बांधली. रोज त्या पट्टीतून तिचा हुरूप सात गावांतल्या सात सहकाऱ्यांच्या अंगात उतरायचा.

"चला, कामाला लागा!" ती हसून म्हणाली.

पडद्यावर सातही जण डोळे पुसत होते.

"ताई, कोण गेलं?" चंद्रपूरच्या अश्फाकनं विचारलं.

"आई. पण काम आजच द्यायचंय."

"देऊ की. आज आमचा हुरूप तुम्ही घ्या."

सातही जणांनी आपापली पट्टी उलटी बांधली.

"अरे, हे नियमात बसत नाही!"

"नियमांचं बघू नंतर."

थोड्या वेळानं शाल्मली उठून स्वयंपाकघरात गेली. तिला सपाटून भूक लागली होती.